शिक्का कोणाचा आणि मोजपट्टी कोणाची?

बदलापूर पश्चिमेतील एक मध्यमवर्गीय घर. वडील अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले, आई शिक्षिका, मुलगा यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर. रात्रीची जेवणे आटोपली आहेत. टेबलावर आठ सत्रांच्या गुणपत्रिका पसरल्या आहेत आणि घरातील तिघेही एका साध्या प्रश्नावर अडले आहेत. मुलाच्या अंतिम गुणपत्रिकेवर ७.५ हा आकडा छापला आहे. हे नेमके टक्के किती?

पुण्याचा मावसभाऊ दूरध्वनीवरून सांगतो, ‘‘दहाने गुण, पंचाहत्तर टक्के.’’ शेजारच्या केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकलेली मुलगी सांगते, ‘‘साडेनऊने गुणायचे असते काका, सव्वाएकाहत्तर होतात.’’ अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा तक्ता पाहिला तर उत्तर निघते साडेसदुसष्ट. मुलगा तोच, परीक्षा त्याच, चार वर्षांची मेहनतही तीच. तरीही पंचाहत्तर, सव्वाएकाहत्तर आणि साडेसदुसष्ट असे तीन आकडे एकाच टेबलावर उभे राहतात. यांपैकी कोणता आकडा जर्मनीच्या विद्यापीठाला पाठवायचा? वडिलांनी ३५ वर्षे सूक्ष्ममापकावर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला. आपल्या मुलाच्या पदवीचे माप मात्र त्यांना कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

असे घर बदलापुरात शोधावे लागत नाही. अंबरनाथच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या वसाहती, उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतील व्यापारी कुटुंबे, गिरगाव-दादर-डोंबिवलीहून सरकत सरकत कुळगावात स्थिरावलेला मराठी मध्यमवर्ग या सर्वांच्या घरी आज परदेशी शिक्षणाची चर्चा आहे. २०२४ साली परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांच्या पुढे होती. २०२३-२४ या वर्षी एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते. जर्मनीत त्याच हिवाळी सत्रात ४९ हजारांहून अधिक भारतीय शिकत होते आणि परकीय विद्यार्थ्यांमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होते. हा प्रश्न मूठभर श्रीमंतांचा राहिलेला नाही. घर गहाण टाकून, भविष्य निर्वाह निधी मोडून मुलांना पाठविणाऱ्या सामान्य घरांचा तो झाला आहे. म्हणूनच तो सार्वजनिक चर्चेत यायला हवा.

एक विद्यार्थी, तीन नशिबे

जर्मनीची गुणपद्धती आपल्या उलट चालते. तेथे १ हा सर्वोत्तम गुण, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण. परदेशी गुणांचे रूपांतर करण्यासाठी तेथील विद्यापीठे सामान्यतः ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. सूत्र अवघड नाही. मिळू शकणाऱ्या कमाल गुणांतून विद्यार्थ्याचे गुण वजा करायचे. त्या वजाबाकीला कमाल गुण आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांतील अंतराने भागायचे. आलेल्या उत्तराला तीनने गुणून त्यात एक मिळवायचा.

आता बदलापूरच्या त्या मुलाचा हिशेब करू. कमाल १००, उत्तीर्णतेची मर्यादा ४०. पंचाहत्तर टक्के धरले तर जर्मन गुण येतो २.२५. सव्वाएकाहत्तर धरले तर सुमारे २.४४. साडेसदुसष्ट धरले तर २.६२. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी तेथील अनेक विद्यापीठे २.५ ही मर्यादा ठेवतात. म्हणजे पहिल्या दोन हिशेबांनी मुलगा दारातून आत जातो, तिसऱ्या हिशेबाने बाहेर राहतो. टक्क्यांच्या भानगडीत न पडता थेट दहाच्या श्रेणीवर सूत्र लावले, कमाल १० आणि किमान ४ धरले, तरी उत्तर २.२५ येते. त्याने एक प्रश्नही अधिक सोडविलेला नाही, एकही कमी सोडविलेला नाही. त्याच्या विद्यापीठाने गुणपत्रिकेच्या मागे कोणते सूत्र छापले आहे, किंवा काहीच छापलेले नाही, यावर त्याची दोन वर्षे आणि कुटुंबाची पुंजी लटकते.

हा दोष जर्मनांचा आहे काय? नाही. त्यांनी आपली मोजपट्टी जगजाहीर केली आहे. घोळ आपल्याकडे आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाने दहावीच्या परीक्षेसाठी एके काळी साडेनऊचा गुणक दिला होता. दहावीपुरता असलेला हा गुणक लोक आजही अभियांत्रिकीच्या पदवीला लावतात. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के असे नमूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ म्हणजे ९ आणि ‘पी’ म्हणजे ४ अशी दहा बिंदूंची श्रेणी सुचविली. पण विद्यापीठांनी टक्केवारीची सूत्रे आपापली ठेवली. कुठे गुणाकार आणि बेरीज, कुठे वजाबाकी आणि गुणाकार. एका राज्यातील दोन विद्यापीठांत एकवाक्यता नाही. देशाला एक कर असावा, एक बाजार असावा हे आपण मान्य केले. त्या देशाला पदवीचे एक माप असू नये काय?

‘प्रथम वर्गा’ची उतरंड

आपल्या घरांत ‘फर्स्ट क्लास’ या शब्दाला केवढी प्रतिष्ठा आहे! साठ टक्के मिळाले की पेढे वाटले जातात, सत्तर मिळाले की विशेष प्राविण्याचा सत्कार होतो, ज्ञातिसंस्थेच्या मेळाव्यात शाल आणि नारळ मिळतो. तेच साठ टक्के वरील सूत्रात घाला. उत्तर येते ३.०, आणि जर्मन भाषेत त्याला ‘समाधानकारक’ म्हणतात. सत्तर टक्क्यांचे होतात बरोबर २.५, म्हणजे ‘चांगला’ या वर्गाची शेवटची पायरी. सत्काराची शाल घेऊन निघालेला विद्यार्थी तेथे उंबरठ्यावर उभा असतो.

ब्रिटनमध्ये प्रथम वर्ग सत्तरला लागतो, साठ ते सत्तरच्या मध्ये द्वितीय वर्गाचा वरचा भाग. आपल्याकडील साठ टक्क्यांना तेथील विद्यापीठे सरसकट एकच किंमत देत नाहीत. अर्ज करणारा कोणत्या संस्थेतून आला हे पाहून कुणाला साठ, कुणाला पासष्ट, कुणाला सत्तर अशी अट घातली जाते. याउलट अमेरिकेत पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था भारतीय प्रथम वर्गाकडे पुष्कळदा उदारपणे पाहतात आणि चार बिंदूंच्या श्रेणीत त्याला वरचे स्थान देतात. म्हणजे एकच गुणपत्रिका न्यूयॉर्कमध्ये उत्तम, लंडनमध्ये शंकास्पद आणि म्युनिकमध्ये समाधानकारक ठरते.

या गोंधळाला एक कारण आहे, आणि ते आपल्या परीक्षापद्धतीत दडले आहे. वरील सूत्रात कमाल गुण १०० धरले जातात. आपल्या अभियांत्रिकीच्या परीक्षेत आठही सत्रे मिळून शंभर टक्के कोणाला पडले आहेत? एखाद्या कठीण विषयात सर्वोच्च गुण अठ्ठ्याहत्तरच असतील, तर सत्तर मिळविणारा विद्यार्थी वर्गात अग्रभागी असतो. परंतु त्याच्या गुणपत्रिकेवर ते कुठेच लिहिलेले नसते. युरोपातील पद्धतीत वर्गातील किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली याचा तक्ता पदवीसोबत जोडण्याची सोय आहे. शिवाय ‘डिप्लोमा सप्लिमेंट’ नावाचे पूरक पत्रक मिळते. पदवी कोणत्या स्तराची, अभ्यास किती तासांचा, गुणांचा अर्थ काय, हे सारे परक्या देशातील वाचकाला कळेल अशा भाषेत त्यात मांडलेले असते. आपला विद्यार्थी मात्र नुसता आकडा हातात घेऊन निघतो. त्या आकड्याचा अर्थ लावण्याचे काम आपण परक्यावर सोपविलेले असते.

श्रेयांकांचेही तेच. युरोपात एका शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरला जातो. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक आणि १२०० तास धरले आहेत. चार वर्षांचे आपले १६० श्रेयांक म्हणजे तेथील किती? दीडपट केले तर २४०. तास मोजले तर त्याहून कमी. ‘गणिताचे अमुक श्रेयांक हवेत, यंत्रशास्त्राचे तमुक हवेत’ अशी अट घालणारा अभ्यासक्रम समोर येतो, तेव्हा हा हिशेब विद्यार्थ्याला स्वतःच करावा लागतो. त्याच्या महाविद्यालयात या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस बहुधा नसतो. स्टेशनबाहेर ‘परदेशी शिक्षण’ अशी पाटी लावून बसलेल्या दलालाकडे मात्र उत्तर तयार असते, शुल्कासह.

वॉशिंग्टन कराराची मेख

पालकांना बहुधा कधीच न सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट आहे. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठी १९८९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड या सहा देशांतील संस्थांनी ‘वॉशिंग्टन करार’ केला. भारताचे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ २००७ साली त्यात तात्पुरते दाखल झाले आणि १३ जून २०१४ रोजी पूर्ण सदस्य बनले. देशाला अभिमान वाटावा अशीच ही घटना होती. परंतु तिच्यातील मेख पाहा. मंडळ मूल्यांकन दोन स्तरांवर करते. आय.आय.टी., राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, विद्यापीठांचे स्वतःचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये पहिल्या स्तरात; विद्यापीठाला संलग्न असलेली महाविद्यालये दुसऱ्या स्तरात. कराराचा लाभ मिळतो तो पहिल्या स्तराच्या मूल्यांकनाला.

आता कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्याकडे पाहा. येथील मुलाला प्रवेश मिळतो तो बहुतांशी मुंबई विद्यापीठाला संलग्न महाविद्यालयात. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर मूल्यांकनाची मोहोर ठळक छापलेली असते. वडील ती पाहून समाधानाने शुल्क भरतात. मूल्यांकन कोणत्या स्तराचे आहे, अभ्यासक्रमांपैकी कोणत्या शाखेचे आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे विचारणारा पालक विरळा. पुढे तो मुलगा ऑस्ट्रेलियात अभियंता म्हणून नोंदणीसाठी जातो. कराराखालील पदवी असलेल्याचे काम सरळ होते. याला मात्र आपल्या प्रत्येक कामाचे पुरावे जोडून योग्यता सिद्ध करणारा लांबलचक अहवाल लिहावा लागतो. माहितीपत्रक खोटे नव्हते. अपुरे होते. आणि त्या अपुरेपणाची किंमत विद्यार्थी फेडतो.

शासनस्तरावरही गाडी याच वळणावर अडते. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात शैक्षणिक पात्रतांच्या परस्पर मान्यतेचा सामंजस्य करार झाला. करार स्वागतार्हच होता. परंतु अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, वास्तुकला हे व्यावसायिक अभ्यासक्रम त्यातून वगळण्यात आले. २ मार्च २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाशीही पात्रतांच्या मान्यतेची व्यवस्था ठरली. भारताचा आवाज आता जगात ऐकला जातो. तो आवाज अभियांत्रिकीच्या पदवीसाठी अधिक खणखणीतपणे लागायला हवा. ज्या देशांचे कारखाने आणि संगणक-उद्योग भारतीय अभियंत्यांवर चालतात, त्यांनी आपल्या पदवीची परीक्षा पुन्हा पुन्हा का घ्यावी, असे विचारण्याचा अधिकार भारताला आहे. मात्र असे विचारणाऱ्याचे स्वतःचे दप्तर चोख असावे लागते.

उल्हासनगरने दिलेला धडा

उल्हासनगरविषयी एक जुना विनोद आहे. येथे तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असा शिक्का असे, आणि विचारले की सांगत, ‘यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!’ सांगणारा हसतो, ऐकणाराही हसतो. पण या विनोदात खरे हसू कोणाचे आहे? फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या ओसाड बराकींत उद्योगनगरी उभी केली. त्यांच्या हातचा माल टिकाऊ होता. ग्राहकाला मात्र तो परदेशी शिक्क्याशिवाय नको होता. हसू असेल तर ते त्या ग्राहकाच्या मनोवृत्तीचे आहे.

याच नगरीच्या इतिहासात पदवीसंबंधी एक मोठा धडा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. १९४७ पूर्वी सिंधमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. कराचीचे एन.ई.डी. अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यांतलेच. त्या महाविद्यालयाचा हिंदू पदवीधर फाळणीनंतर निर्वासित होऊन इकडे आला, तेव्हा त्याचे घर गेले होते, जमीन गेली होती, गाव नकाशाच्या पलीकडे गेले होते. पण त्याची पदवी परकी ठरली नाही, कारण ती मुंबई विद्यापीठाची होती आणि मुंबई इकडे होती. एका कागदाने त्याला नव्या मातीत उभे राहायला आधार दिला. सिंधी समाजाने त्या कागदाचे मोल ओळखले. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने मुंबईत महाविद्यालये काढली आणि १९६५ साली उल्हासनगरला चांदीबाई महाविद्यालय उभे राहिले. देश गमावलेल्या समाजाने आधी शाळा-महाविद्यालये बांधली, ही गोष्ट आपल्या तरुणांना पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे.

ज्या विद्यापीठाच्या नावावर निर्वासिताचे आयुष्य सावरले, त्याच विद्यापीठाने २०१७ साली काय केले? उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावर तपासणी करण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला गेला. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. ऑगस्ट गेला, सप्टेंबर आला, निकाल येत राहिले, काही चुकीचे आले. परदेशी प्रवेश हातात असलेले विद्यार्थी गुणपत्रिकेसाठी विद्यानगरीच्या पायऱ्या झिजवीत राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या कपाळी हे यावे, यापरते दुर्दैव कोणते? विश्वास ही विद्यापीठाची पहिली पुंजी. ती एका उन्हाळ्यात उधळली गेली.

आणि आजही स्थिती किती बदलली? बदलापूर ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. ट्रान्सक्रिप्टमध्ये नावाची एक मात्रा चुकली, श्रेणीपत्रकात एक सत्र राहिले, की मुलाने पहाटेची गाडी पकडायची, कुर्ल्याला उतरायचे आणि कालिनाला जायचे. विद्यापीठाचे उपकेंद्र कल्याणला आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या मुलांचे हे काम तेथे का होऊ नये?

मॅकॉलेची सावली

१८५७ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्या विद्यापीठांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे. इंग्रजाला राज्यकारभारासाठी प्रमाणपत्रधारक हवे होते, त्याची ती सोय होती. लंडनने पुढे आपली पद्धत बदलली. आपण मात्र संलग्नतेचा तो डोलारा १७० वर्षे डोक्यावर वाहत आहोत. वॉशिंग्टन करारात संलग्न महाविद्यालये मागे पडतात ती यामुळेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचे ध्येय ठेवले आहे, ते योग्यच आहे.

पदवी देणारा ती काढूनही घेऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांची बी.ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाने १९११ साली रद्द केली. लंडनच्या ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून प्रवेश नाकारला होता. सावरकरांचे पांडित्य त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. पण ही पदवी स्वतंत्र भारतात परत मिळायला १९६० साल उजाडावे लागले, हेही विसरता येत नाही. परकी सत्ता गेली तरी तिच्या शिक्क्याविषयीचा धाक तेरा वर्षे आपल्या कार्यालयांत बसून होता. तो धाक आज पूर्णपणे गेला आहे असे कोण म्हणेल?

दोन टोके, दोन्ही घातक

या प्रश्नावर समाजात दोन प्रतिक्रिया दिसतात. पहिली, ‘‘जायचेच कशाला परदेशी? येथे काय कमी आहे?’’ ही भाषा आवेशाची असते, पण ती इतिहासाला धरून नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली बोस्टनच्या एम.आय.टी.त दाखल झाले; तेथे शिकलेले ते पहिले भारतीय मानले जातात. लोकमान्यांच्या सहकाऱ्यांचे ‘मराठा’ पत्र त्याच दशकात अमेरिकेतील तंत्रशिक्षणाची ओळख वाचकांना करून देत होते. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली एम.आय.टी.चे पदवीधर झाले आणि परत येऊन त्यांनी किर्लोस्करवाडीचा उद्योग वाढविला. राष्ट्रीय विचाराच्या माणसांनी परदेशी विद्येचे दार कधी लावून घेतले नाही. विद्या कोठूनही घ्यावी, ती आपल्या समाजाच्या कामी आणावी, हीच आपली रीत.

दुसरी प्रतिक्रिया याहून केविलवाणी. ‘‘तिकडचे ते सगळे सोन्याचे, आपल्याकडे सगळा गाळ.’’ असे म्हणणारे पालक परदेशातील कोणत्याही पाटीवर विश्वास ठेवतात. तेथेही नामांकित विद्यापीठे आहेत आणि केवळ परकीय विद्यार्थ्यांच्या शुल्कावर जगणाऱ्या संस्थाही आहेत, याची चौकशी ते करीत नाहीत. मुलाच्या गुणपत्रिकेतील प्रत्येक गुणासाठी भांडणारा बाप ३०-४० लाखांचे कर्ज काढताना त्या विद्यापीठाची मान्यता पाहत नाही. आता तर परकीय विद्यापीठे आपल्या दाराशी येत आहेत. २०२३ साली अनुदान आयोगाने त्यासाठी नियम केले आणि २०२५ साली मुंबई-नवी मुंबईसाठी काही विद्यापीठांना इरादापत्रेही देण्यात आली. त्यांच्या पाटीपुढे आपली विद्यापीठे खुजी दिसू लागली, तर दोष पाटीला देऊन भागणार नाही.

खोटेपणाचाही हिशेब चुकता करायला हवा. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीने भारतीय विद्यार्थ्यांना ‘ए.पी.एस.’ ही कागदपत्रांच्या खरेपणाची पडताळणी सक्तीची केली. त्यासाठी १८ हजार रुपये शुल्क भरावे लागते. अशी पडताळणी चीन आणि व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांना आधीपासून होती. बनावट गुणपत्रिका विकणाऱ्याने आणि ती विकत घेणाऱ्याने प्रामाणिक मुलांवर लादलेला हा दंड आहे. अशा कृत्याला ‘हुशारी’ म्हणून हसण्यावारी नेणारा समाज स्वतःच्याच मुलांच्या खिशात हात घालतो.

काय करायला हवे?

केवळ खेद व्यक्त करून हा प्रश्न सुटणार नाही. उपाय अवघड नाहीत, इच्छाशक्ती हवी.

पहिला उपाय शासनाचा. देशातील सर्व विद्यापीठांसाठी श्रेणी आणि टक्के यांच्या रूपांतराचे एकच सूत्र असावे आणि ते प्रत्येक गुणपत्रिकेवर छापलेले असावे. टक्क्यांची गरजच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे परदेशी विद्यापीठ थेट दहाच्या श्रेणीवर हिशेब करील.

दुसरा विद्यापीठाचा. त्या वर्षी त्या शाखेत किती विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली याचा तक्ता आणि पदवीची ओळख करून देणारे पूरक पत्रक प्रत्येक पदवीधराला विनाअर्ज मिळावे. ट्रान्सक्रिप्ट, पडताळणी आणि नावदुरुस्ती यांची खिडकी कल्याणच्या उपकेंद्रात उघडावी आणि कामाची मुदत तेथील फलकावर लिहावी.

तिसरा महाविद्यालयांचा. माहितीपत्रकात मूल्यांकनाचा स्तर, शाखा आणि मुदत मराठीतून छापावी. ज्यांची योग्यता आहे त्यांनी स्वायत्ततेचा मार्ग धरावा. ज्यांची नाही त्यांनी आधी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्यात.

चौथा उपाय समाजाचा, आणि तोच कार्यकर्त्यांच्या हाती आहे. शाखेत, वस्तीत, गणेशोत्सवाच्या मंडपात दरवर्षी रक्तदान होते, वह्यावाटप होते. त्याच मंडपात एक दिवस पदवी-मार्गदर्शनाचे टेबल का लागू नये? या तिन्ही शहरांतून परदेशी जाऊन आलेले अभियंते शेकड्यांनी आहेत. जर्मनीचे सूत्र, अमेरिकेची श्रेणी, वॉशिंग्टन कराराचा स्तर या गोष्टी ते अर्ध्या तासात समजावू शकतील. दलालाला द्यावे लागणारे हजारो रुपये वाचतील आणि परदेशी गेलेला मुलगा आपल्या समाजाशी जोडलेला राहील. प्रवेशाच्या वेळी, म्हणजे बारावीच्या निकालानंतर लगेच, हे काम व्हायला हवे. आठव्या सत्रात जागे होऊन उपयोग नसतो.

अंबरनाथच्या वालधुनी नदीकाठी शिलाहारांचे शिवमंदिर उभे आहे. त्यावरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष कोरले आहे. ऑक्सफर्डमधील अध्यापनाचा सर्वांत जुना पुरावा १०९६ चा सांगतात. म्हणजे तेथे वर्ग भरल्याचा पुरावा मिळतो त्याच्या आधीच येथे भूमिज शैलीतील पाषाणाचे शिखर चढत होते. त्या स्थपतींच्या हाती कोणते प्रमाणपत्र होते कोणास ठाऊक! पण अंगुल, ताल आणि हस्त ही मापे त्यांची स्वतःची होती आणि सर्वांची एक होती. एका कारागिराचा हस्त लांब आणि दुसऱ्याचा आखूड असता, तर शिखर सोडाच, पायाही सरळ बसला नसता.

बदलापूरच्या त्या टेबलावर ७.५ हा आकडा अजून पडून आहे. अर्जाची मुदत जवळ आली आहे. मुलाने विद्यापीठाला पत्र पाठवून विचारले आहे, माझे टक्के किती? या साध्या प्रश्नाला एकच उत्तर देता येण्याइतकी शिस्त आपण आपल्या विद्यापीठांना लावली पाहिजे. जगाला गुरुमंत्र देण्याची भाषा त्यानंतर शोभेल.